औंढा नागनाथ

औंढा नागनाथ : महाराष्ट्र राज्याच्या हिंगोली जिल्ह्यातील एक शेतीप्रधान गाव, तालुक्याचे मुख्य ठिकाण व शैव तीर्थक्षेत्र. ते हिंगोलीच्या नैर्ऋत्येस सु. २५ किमी. व परभणीच्या ईशान्येस सु. ५० किमी. अंतरावर वसलेले आहे. अवंढा, आंवढे अशी त्याच्या नावाची जुनी रूपे आढळतात. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानल्या जाणाऱ्या नागनाथाचे येथील मंदिर यादवकालीन शिल्पकलेचा एक महत्त्वाचा अवशेष आहे. ‘अवशेष’ हा शब्द येथे हेतुतः योजला आहे. मंदिरात आजही नित्य पूजाअर्चा चालते व लाखो भाविक येतात. तथापि मूळ वास्तूचा केवळ खालचा भाग शिल्लक असून वरचा भाग पुष्कळ नंतरचा आहे. औंढ्याचा इतिहास सांगताना कोणते विधान दगडाच्या आधारे करावयाचे व कोणते परंपरेच्या आधारे, हा प्रश्न पावलोपावली उभा राहतो आणि तोच या स्थळाच्या अभ्यासातील मुख्य प्रश्न होय.

गावाच्या भोवती अजिंठा डोंगररांगेच्या पूर्वेकडील फाट्यांच्या ठेंगण्या टेकड्या आहेत. उत्तरेकडे हिंगोलीवरून वाहणारी कयाधू व पश्चिम-दक्षिणेकडून वाहणारी पूर्णा या दोन नद्यांच्या दरम्यानच्या उंचवट्यावर औंढा येते. टेकड्यांवर साग, खैर, बोर, पळस यांचे विरळ रान असून उतारावर मुरमाड, तर सखल भागात खोल काळी जमीन आहे. सर्व खडक बेसाल्ट जातीचा. शेतातील काळी माती आणि मंदिराचा काळा चिरा ही एकाच खडकाची दोन रूपे होत. मंदिरासाठी चांगला दगड दुरून आणावा लागला नाही, ही गोष्ट या प्रदेशात इतकी मंदिरे का उभी राहिली याच्या कारणांत गणली पाहिजे.

हा प्रदेश इतिहासास अपरिचित नव्हता. औंढ्याच्या उत्तरेकडील वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. आग्नेयेकडील नांदेड म्हणजे प्राचीन नंदिकट. वाशिम येथे सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात नंदिकटाच्या उत्तर मार्गातील एक गाव दान दिल्याचा उल्लेख आहे. वाशिम जिल्ह्यातीलच हिस्से-बोराळा येथील शिलालेख शक ३८० (इ. स. ४५८) मधील असून तो वाकाटक नृपती देवसेन याच्या काळातील आहे. वत्सगुल्म व नंदिकट यांच्या मधल्या पट्ट्यात औंढा येत असल्यामुळे येथील वस्तीची परंपरा मंदिराहून जुनी असणे संभवनीय आहे. पांडवांच्या वनवासात युधिष्ठिराने हे मंदिर उभारले अशी स्थानिक आख्यायिका आहे. महाराष्ट्रात अशा प्रकारच्या आख्यायिका कोणत्याही भव्य जुन्या वास्तूला चिकटतात. त्यांतून बांधणाऱ्याचे नाव विसरले गेले होते एवढाच निष्कर्ष काढता येतो.

आमर्दक हे औंढ्याचे प्राचीन नाव म्हणून सांगितले जाते. शैव सिद्धान्ताच्या परंपरेत आमर्दक हे अत्यंत प्रतिष्ठित नाव आहे. मध्य प्रदेशातील रणोद येथील शिलालेखात शैव आचार्यांची जी मालिका दिली आहे, तीत आमर्दकतीर्थनाथ या आचार्याचा निर्देश असून आमर्दक मठाच्या शिष्यपरंपरा मध्य भारतात दूरवर पसरल्या होत्या. हे आमर्दकतीर्थ म्हणजेच औंढा असे मत काहींनी मांडले. इतरांनी ते माळव्याच्या बाजूस शोधले. केवळ नामसादृश्यावर असा निर्णय घेणे धोक्याचे असते. हे समीकरण खरे असल्यास आजच्या मंदिरापूर्वी कित्येक शतके येथे शैवांचे केंद्र होते असे मानावे लागेल. परंतु मंदिराच्या दृश्य भागात तितक्या जुन्या काळाची साक्ष देणारे काही नाही.

ज्योतिर्लिंगाविषयीचा वादही याच प्रकारचा आहे. द्वादश ज्योतिर्लिंगांच्या प्रचलित नामावळीत नागेशाचे स्थान दारुकावनात सांगितले आहे. ते दारुकावन म्हणजे सौराष्ट्रातील द्वारकेजवळचे नागेश्वर, उत्तराखंडातील अल्मोड्याजवळचे जागेश्वर, की मराठवाड्यातील औंढा, याविषयी तीनही ठिकाणचे भाविक आपापल्या बाजूने दावा करतात. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ज्योतिर्लिंगस्तोत्रात नागनाथाचे स्थान दक्षिणेकडील सदंग नावाच्या रम्य नगरात असल्याचे म्हटले आहे; औंढ्याच्या बाजूने बोलणारे या दक्षिण दिशेवर भर देतात. परळी वैजनाथ व बिहार-झारखंडकडील वैद्यनाथधाम यांच्यातील वादही असाच आहे. या वादांचा निर्णय लावणे इतिहासकाराच्या कक्षेबाहेरचे आहे. इतके मात्र म्हणता येते, की तेराव्या शतकात एवढे खर्चिक मंदिर ज्या देवस्थानासाठी उभारले गेले, त्याची प्रतिष्ठा पंचक्रोशीपुरती मर्यादित नव्हती. वेरूळचा घृष्णेश्वर, परळीचा वैजनाथ व औंढ्याचा नागनाथ अशी तीन ज्योतिर्लिंगे मराठवाडा आपली मानतो.

नागनाथ मंदिर हे एका प्रशस्त आवारात असून आवाराभोवती उंच तट आहे. अर्धमंडप, सभामंडप, अंतराळ व गर्भगृह अशी त्याची योजना आहे. मंडपाच्या मध्यभागी वर्तुळाकार मांडलेल्या खांबांवर घुमटाकृती छत तोललेले आहे. खांबांचा दंड चौकोन, अष्टकोन व वर्तुळ असे आकार बदलत वर जातो. प्रत्यक्ष लिंग मंडपाच्या पातळीवर नाही. अंतराळातून अरुंद पायऱ्यांनी खाली उतरल्यावर एका लहान, ठेंगण्या भुयारवजा गाभाऱ्यात ते आढळते. तेथे एका वेळी मोजकीच माणसे मावतात. यादवकालीन शिवमंदिरांत गर्भगृह मंडपापेक्षा खाली असणे ही अपूर्व बाब नव्हे. अंबरनाथच्या मंदिरातही पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते. औंढ्याला मात्र भुयाराचे स्वरूप फारच ठळक आहे.

बाहेरून पाहता मंदिराचा तलविन्यास तारकाकृती दिसतो. एकाच मध्यबिंदूभोवती चौरस थोडाथोडा फिरवीत नेला असता त्याचे जे कोन बाहेर येतात, त्यांच्या आधाराने भिंतीची रेषा आखली जाते. परिणामी भिंत कोठेही सपाट राहत नाही. प्रत्येक हात-दोन हातांवर ती वळते, व प्रत्येक वळणावर छायाप्रकाशाचा एक नवा उभा पट्टा तयार होतो. या उभ्या कोनांना छेदणारे आडवे थर अधिष्ठानावर एकावर एक रचलेले आहेत. त्यांत हत्तींचा थर व मानवाकृतींचा थर विशेष लक्षणीय आहेत. हत्तींच्या रांगेत एकसुरीपणा येऊ नये म्हणून शिल्पकाराने प्रत्येक हत्तीची हालचाल निराळी केली आहे. जंघेवर देवदेवता, दिक्पाल व सुरसुंदरी यांच्या मूर्ती आहेत. शिवाच्या विविध रूपांबरोबर विष्णूचे अवतारही आढळतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शैव मंदिरावर वैष्णव शिल्पे कोरण्यास त्या काळी कोणाची हरकत नव्हती. कैलास पर्वत हलविणारा रावण, नृत्यमग्न शिव हे विषय महाराष्ट्रात अन्यत्रही मिळतात. रुसलेल्या पार्वतीची समजूत काढणारा शिव हे शिल्प मात्र या मंदिराचे खास भूषण मानले जाते. पार्वतीने मान किंचित फिरवली आहे व शिवाचा भाव आर्जवाचा आहे. देवाच्या घरातही संसारातील रुसवाफुगवा चुकत नाही, हे दगडात इतक्या सहजतेने सांगणारा कारागीर अनामिक राहावा ही खेदाची गोष्ट होय.

लोकव्यवहारात या मंदिरास ‘हेमाडपंती’ म्हणतात. हेमाद्री अथवा हेमाडपंत हा यादव राजे महादेव (कार. १२६१–७१) व रामचंद्र (कार. १२७१–१३११) यांचा श्रीकरणाधिप होता. चुन्याचा उपयोग न करता घडीव चिरे एकमेकांत खाचा-कुसवांनी बसवून बांधण्याच्या पद्धतीला त्याचे नाव मिळाले. परंतु ही पद्धत त्याच्या जन्माच्या शतक-दीड शतक आधीपासून प्रचारात होती. अंबरनाथचे मंदिर शक ९८२ (इ. स. १०६०) मधील आहे, तरीही लोक त्याला हेमाडपंतीच म्हणतात. औंढ्याचे मंदिर शैलीवरून बाराव्या शतकाचा उत्तरार्ध व तेरावे शतक यांच्या दरम्यानचे दिसते. त्याच्या अगदी जवळच्या नात्यातील वास्तू म्हणून परभणी जिल्ह्यातील धारासूर येथील गुप्तेश्वर मंदिराचा निर्देश करता येईल. त्याचाही तलविन्यास तारकाकृती आहे. जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथे तर भग्न मंदिरांचा समूहच आहे. लोणारचे दैत्यसूदन, सिन्नरचे गोंदेश्वर ही मंदिरे तुलनेसाठी पाहण्यासारखी आहेत. देवगिरीच्या यादवांच्या काळात गोदावरी व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांत किती मोठ्या प्रमाणावर बांधकाम झाले, याची कल्पना या वास्तू एकत्र पाहिल्यावरच येते. काळ्या जमिनीतील ज्वारी-कापसाचे उत्पन्न आणि त्यावरील सारा यांच्याच बळावर हे सर्व शक्य झाले. धान्याचा वाढावा नसता, तर पाथरवटांचा तांडा वर्षानुवर्षे एका ठिकाणी पोसता आला नसता.

मंदिराकडे थोडे दूर उभे राहून पाहिले, की जंघेच्या वर एका ठिकाणी वास्तूची भाषाच बदललेली दिसते. खालचा काळा, कोरीव दगड संपतो आणि वर विटांचे, चुनेगच्चीचे, पांढरे बांधकाम सुरू होते. खालील भागात कोन आहेत, वर घुमट व कमळाच्या पाकळ्या आहेत. खालचे छत थर पुढे सरकवीत आत मिटत नेलेले आहे. वरच्या भागात कमानीचे तंत्र आले आहे. केवळ विटा दिसल्या म्हणून तो भाग नंतरचा ठरविणे योग्य नव्हे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. मराठवाड्यातील यादवकालीन मंदिरांत भिंती दगडाच्या व शिखर विटांचे ही पद्धत रूढ होती. धारासूरचे शिखर विटांचेच आहे. वीट हलकी असल्याने खालच्या बिनचुन्याच्या भिंतींवरील भार त्यामुळे कमी होतो. यादवांच्या विटांच्या शिखरात मात्र खालील तारकाकृतीचे कोन तसेच वर चढत जातात. औंढ्यास ते कोन तुटतात आणि त्यांच्या जागी मराठा काळातील मंदिरांची परिचित ठेवण येते. म्हणून निर्णायक पुरावा विटेचा नसून आराखड्याचा आहे.

मूळ मंदिर सात मजली होते व ते औरंगजेबाच्या काळात पाडले गेले, अशी परंपरा परिसरात दृढ आहे. औरंगजेब राजपुत्र असताना दोनदा (१६३६–४४ व १६५२–५७) दख्खनचा सुभेदार होता, आणि बादशाह झाल्यानंतर १६८१ पासून १७०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो दख्खनमध्येच होता. त्यामुळे परंपरेत कालदृष्ट्या अशक्य असे काही नाही. जंघेवरील अनेक मूर्तींचे चेहरे व हात भंगलेले आहेत. वरचा भाग कोसळलेला वा पाडलेला होता हे तर वास्तूच सांगते. परंतु मजल्यांची सात ही संख्या शब्दशः घेण्याचे कारण नाही. तारकाकृती विन्यासाच्या मंदिरांत शिखराचे आडवे टप्पे असतात व त्यांना ‘भूमी’ म्हणतात. पाच किंवा सात भूमींचे शिखर ही शिल्पशास्त्रातील सामान्य परिभाषा आहे. शिखराच्या भूमींची आठवण पिढ्यान्‌पिढ्या तोंडोतोंडी जाताना तिचे मजले झाले असावेत, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तसे असल्यास परंपरा चुकीची नसून तिच्यात एक विसरलेला पारिभाषिक शब्द दडला आहे.

वरचा भाग अहिल्याबाई होळकर (१७२५–९५) यांनी बांधविला असे सांगितले जाते. काशीचा विश्वेश्वर, सोमनाथ, वेरूळचा घृष्णेश्वर, परळीचा वैजनाथ अशा ज्योतिर्लिंगांच्या जीर्णोद्धारांशी त्यांचे नाव निगडित असल्यामुळे औंढ्याच्या बाबतीतही ते स्वाभाविक वाटते, आणि बांधकामाची धाटणी अठराव्या शतकाशी जुळतेही. हा मुलूख त्या वेळी निजामाच्या अमलाखाली होता. १७२४ मध्ये साखरखेर्डा येथील लढाईत मुबारिझखानाचा पराभव करून निजामुल्मुल्कने दख्खनमध्ये आपली सत्ता स्वतंत्रपणे उभी केली. ते रणक्षेत्र औंढ्याहून फार दूर नाही. निजामाच्या राज्यात मराठा राजस्त्रीने मंदिराचा जीर्णोद्धार करावा यात त्या काळच्या लोकांना विसंगती वाटत नव्हती; घृष्णेश्वर मंदिराच्या परिसरातही तिचा प्रत्यय येतो.

औंढ्याचे नाव मराठी भाषिकांच्या मनात सर्वांत खोल रुजले ते संत नामदेव (१२७०–१३५०) व त्यांचे गुरू विसोबा खेचर यांच्या कथेमुळे. हिंगोली तालुक्यातील नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, व ते औंढ्याहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. तेर येथे संतांच्या मेळाव्यात गोरा कुंभाराने थापटण्याने मडकी पारखावीत तशी सर्वांची डोकी पारखली व नामदेवांचे मडके कच्चे ठरविले; तेव्हा नामदेव गुरूच्या शोधात औंढ्यास आले. येथे विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले आढळले. पाय जेथे हलवावेत तेथे पिंड उमटू लागली, आणि देव सर्वत्र आहे ही खूण नामदेवांस पटली. दुसरी कथा अशी, की मंदिरासमोर कीर्तन करीत असता पूजाऱ्यांनी नामदेवांस हुसकून मागील बाजूस जावयास लावले, तेव्हा मंदिरच फिरले. येथील नंदी नेहमीप्रमाणे द्वारासमोर नसून मागील बाजूस आहे, याचे स्पष्टीकरण म्हणून ही कथा आजही सांगितली जाते.

या कथांचा पुरावा तपासण्यासारखा आहे. विसोबा व नामदेव यांच्या भेटीचे सविस्तर वर्णन महीपतीच्या भक्तविजयासारख्या (१७६२) संतचरित्रांतून येते. म्हणजे ते नामदेवांनंतर चार शतकांनी लिहिले गेले. मंदिर फिरल्याचा प्रसंग मात्र त्याहून पुष्कळ आधीच्या साधनात मिळतो. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट असून तो ग्रंथ १६०४ मध्ये संकलित झालेल्या आदिग्रंथावर आधारलेला आहे. त्यांतील पदांत आपण हीन जातीचे म्हणून देवळातून उठविले गेलो, घोंगडी घेऊन मागे जाऊन बसलो आणि देऊळ भक्ताकडे वळले, असा अनुभव आलेला आहे. गावाचे नाव तेथे येत नाही. अर्थात पंजाबात जतन झालेले पद व मराठवाड्यातील मागे राहिलेला नंदी हे दोन स्वतंत्र दुवे असून त्यांना औंढ्याच्या नावाने जोडण्याचे काम परंपरेने केले आहे. तरीही शिंप्याच्या मुलाला देवळाच्या मागे जावे लागले ही त्यातील सामाजिक वस्तुस्थिती कोणत्याही गावाच्या नावावाचून खरी आहे. नरसी येथे मंदिराबरोबर गुरुद्वाराही आहे, आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्यास येणारे शीख यात्रेकरू वाट वाकडी करून नरसी व औंढा पाहून जातात.

मंदिराच्या आवारात बारा ज्योतिर्लिंगांची प्रतीकरूप लहान देवळे आहेत. सासू-सुनेची बारव या नावाने ओळखली जाणारी पायऱ्यांची विहीर प्रसिद्ध आहे. १०८ शिवालये व ६८ तीर्थे असल्याचे स्थलमाहात्म्य सांगते. अशा संख्या पवित्र म्हणून घेतल्या जातात, मोजदाद म्हणून नव्हे. मात्र गावाच्या परिसरात लहानमोठ्या भग्न देवळांचे अवशेष आहेत हे खरे. मराठवाड्यातील जुन्या गावांत कोरीव दगड घराच्या चौथऱ्यात, ओट्याच्या पायरीत, विहिरीच्या कठड्यात किंवा झाडाखालच्या शेंदूर लावलेल्या देवाच्या रूपाने आढळणे ही नित्याची गोष्ट आहे. घडीव चिरा बैलगाडीत घालून नेणे हे नवा घडविण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडते. अभ्यासकास याची हानी जाणवते. कारण दगड जागचा हलला की तो कोणत्या वास्तूचा, कोणत्या थराचा, हे सांगता येत नाही. देवगिरीच्या खालोखाल वास्तुसमृद्ध अशा या भागाचे नकाशे पुरते तयार होण्याआधीच त्यांतील कित्येक दुवे निखळले आहेत. हैदराबाद संस्थानात पुरातत्त्व खाते १९१४ मध्ये गुलाम यझदानी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. पण वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांचे संरक्षण हेच त्याचे प्रमुख कार्य होते व खेड्यापाड्यांतील मंदिरांच्या वाट्यास त्यामानाने थोडे लक्ष आले.

राजकीय दृष्ट्या औंढ्याचा इतिहास मराठवाड्याच्या इतिहासाहून वेगळा नाही. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली व पुढे सु. १३१८ मध्ये यादवसत्ता संपली. त्यानंतर बहमनी, निजामशाही, मोगल व आसफजाही अशा सत्ता क्रमाने आल्या. एकोणिसाव्या शतकात हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावणीचे ठिकाण होते. सालारजंगाच्या १८६५ च्या जिल्हाबंदीनंतर हा भाग परभणी जिल्ह्यात राहिला. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात विदर्भाच्या हद्दीवर उमरखेड येथे कार्यकर्त्यांचे शिबिर होते, व हद्दीलगतचा हा पट्टा चळवळीत सामील झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत व औंढा नागनाथ असे त्याचे पाच तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती.

गावाचे जीवन शेतीवर अवलंबून आहे. ज्वारी, कापूस, तूर, मूग व हरभरा ही येथील जुनी पिके. पूर्णा-हिंगोली हा मीटरमापी लोहमार्ग १९१२ मध्ये झाला व त्याने या भागातील कापसास दूरची बाजारपेठ मिळवून दिली. औंढा मात्र लोहमार्गापासून बाजूला राहिले, व चोंढी आणि हिंगोली ही त्याची जवळची स्थानके झाली. पूर्णा प्रकल्पातील येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे १९६० च्या दशकात पूर्ण झाली. त्यांपैकी सिद्धेश्वर औंढा तालुक्यातच आहे. परंतु कालव्याचे पाणी उतारानुसार वसमत, परभणी व नांदेड यांच्याकडील सपाटीवर जाते. धरण ज्या तालुक्यात, त्यातील उंचवट्यावरची शेती बव्हंशी पावसाच्या भरवशावरच राहिली. वसमतकडे ऊस आला, साखर कारखाना उभा राहिला. औंढ्याच्या माळावर तो बदल पोहोचला नाही. पुढे सोयाबीनने ज्वारी व कापसाचे बरेच क्षेत्र व्यापले, आणि विहिरीचे पाणी असलेल्या शेतांत हळदीचा प्रसार झाला. हिंगोली व वसमत या हळदीच्या मोठ्या बाजारपेठा असून वसमत हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

हळदीचे वेळापत्रक व मंदिराचे वेळापत्रक येथे एकत्र येते. उन्हाळ्याच्या अखेरीस लावलेली हळद माघ-फाल्गुनात काढणीस येते. कंद शिजविणे, उन्हात वाळविणे, ढोलात घालून चकाकी आणणे ही कामे त्याच सुमारास सुरू असतात. हरभऱ्याची काढणीही तेव्हाच असते. माघ वद्य चतुर्दशीस महाशिवरात्रीची यात्रा भरते व तिच्या अनुषंगाने रथोत्सव होतो. हातात नुकता पैसा आलेला किंवा येऊ घातलेला असताना भरणारी ही यात्रा पूर्वी शेतीची अवजारे, भांडी, घोंगड्या व बैल यांच्या खरेदीचीही जागा होती. श्रावणातील सोमवारांची गर्दी निराळ्या प्रकारची असते. पेरणी व कोळपणी उरकून पावसाकडे डोळे लावलेला शेतकरी त्या वेळी नवस बोलायला येतो. पुजारी, फुले व बेल विकणारे, हॉटेलवाले, वाहनवाले यांची उपजीविका देवस्थानावर चालते, पण त्यांपैकी अनेकांची नाळ अजून शेतीशी जोडलेली आहे. नगरपंचायत झाली तरी गावाची घडण खेड्याचीच राहिली आहे.

अलीकडे औंढ्याचे नाव एका अगदी वेगळ्या संदर्भात जगभर पोहोचले. अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरी प्रथम टिपल्या आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ते जाहीर झाले. त्याच महिन्यात भारत सरकारने भारतातील अशा वेधशाळेस तत्त्वतः मान्यता दिली व तिच्यासाठी औंढा तालुक्यातील दुधाळा येथील जागा निवडण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सु. २,६०० कोटी रुपये खर्चाच्या या प्रकल्पास मंजुरी दिली. परस्परांशी काटकोनात असलेल्या प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या दोन निर्वात नळ्या हे या वेधशाळेचे मुख्य अंग असून तिला रहदारी, कारखाने व रेल्वे यांच्या कंपनांपासून दूर, पक्क्या खडकाची जागा लागते. लोहमार्ग बाजूने गेला ही औंढ्याची जुनी तक्रार अशा रीतीने एका कामासाठी गुण ठरली. त्याच वेळी औंढा, वसमत व कळमनुरी या तालुक्यांत २०१८ पासून भूगर्भातील आवाज व सौम्य धक्के जाणवत आले असून २१ मार्च २०२४ व १० जुलै २०२४ रोजी रिश्टर मापाने सु. ४·५ तीव्रतेचे धक्के बसले. चुन्यावाचून केवळ वजनावर व खाचांवर उभ्या असलेल्या मंदिराच्या खालच्या भिंतींना, आणि त्यांच्यावर टेकलेल्या अठराव्या शतकातील विटांच्या भागाला, अशा धक्क्यांत सारखाच ताण सोसावा लागत नाही. दोहोंच्या सांध्याची नियमित तपासणी ही मंदिराच्या जतनातील आजची निकडीची बाब आहे.